डफडे ते डीजे : खानदेशातील वाजविणाऱ्याच्या वाटचालीचा इतिहास

खानदेशाचा इतिहास आजवर अनेकांनी लिहिला. थाळनेर-बुऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांवर लिहिले गेले, इंग्रजांनी १८८० साली खानदेश जिल्ह्याचे जाडजूड गॅझेटियर काढले, १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे वारले आणि त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले. कापूस, केळी, गिरण्या, सत्याग्रह या सर्वांची कमी-अधिक नोंद झाली. परंतु या प्रदेशातील प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत, प्रत्येक मिरवणुकीत जो माणूस सर्वांत मोठा आवाज काढीत होता, त्याची नोंद मात्र कोणी फारशी केली नाही. आवाज सर्वांना ऐकू आला. आवाज काढणारा कोणाला दिसला नाही. इतिहासलेखनाची ही बहिरी पद्धत आपल्याला नवी नाही.

आज तो वाजविणारा जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर 'डीजे' म्हणून उभा आहे. नाइटक्लबमधला डीजे वेगळा. त्याच्यासमोर बंद दार, थंड हवा आणि तिकीट काढून आलेली माणसे असतात. खानदेशात नाचायची जागा म्हणजे रस्ता, हळदीचा मांडव, कानबाईची मिरवणूक आणि चौदा एप्रिलची रात्र. म्हणून खानदेशातील डीजेची वाटचाल अभ्यासायची तर क्लबच्या दारापासून सुरुवात करून चालणार नाही. गावकुसाबाहेरून सुरुवात करावी लागेल. प्रस्तुत लेखात हा माणूस डफड्यापासून लॅपटॉपपर्यंत कसा आला, आणि या प्रवासात त्याची सुटका कितपत झाली, या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

१. गावकीचे वाजविणे

बलुतेदारीच्या चौकटीत वाजविणे ही कला मानली जात नव्हती. ते नेमून दिलेले काम होते. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, तेव्हा ही चौकट जिवंत होती आणि त्यांनी तिच्यातील प्रत्येकाचे काम व प्रत्येकाचे मागणे मोठ्या बारकाईने नोंदविले. ढोर मेले की कातडे काढायचे, कातडे कमवायचे, त्याचे वाद्य मढवायचे आणि ते वाद्य सवर्णांच्या दारी वाजवायचे, ही एकाच साखळीची कामे होती. मांग हा महाराष्ट्रात सर्वदूर वाजंत्री ठरला. ठिकठिकाणी महारालाही दवंडीसाठी आणि मिरवणुकीसाठी डफडे गळ्यात घ्यावे लागले.

या कामातील विसंगती नीट पाहिली पाहिजे. वाद्यावाचून लग्नाचा मुहूर्त साजरा होत नसे, आणि वाद्य वाजविणाऱ्याला मात्र मांडवात पाय ठेवता येत नसे. त्याचा आवाज मंगल होता, त्याचे अंग अमंगल होते. पंगती उठल्यावर उरलेले अन्न हीच त्याची बिदागी. म्हणजे ध्वनी शुद्ध आणि ध्वनी काढणारा हात अशुद्ध, अशी वाटणी वर्णव्यवस्थेने केलेली होती.

याच खानदेशात दुसरेही वाजविणे होते. सातपुड्यातील भिल्ल-पावरांचे ढोल आणि साक्री-नवापूरकडील कोकणा-भिल्लांची पावरी ही वाद्ये होळीसाठी, डोंगऱ्यादेवासाठी, स्वतःच्या नाचासाठी वाजत आली. तेथे वाजविणारा आणि नाचणारा एकाच पंगतीत बसतो. तात्पर्य, वाजविण्यात मुळात हीनपणा नाही. कोणासाठी वाजवायचे, कोणाच्या हुकमाने वाजवायचे आणि वाजवून झाल्यावर बसायचे कोठे, यावर त्याचा मान किंवा अपमान ठरतो. पुढच्या साऱ्या इतिहासाला हीच कसोटी लावावी लागेल.

२. डफडे टाकले, पुढे काय?

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडून देण्यास सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. गावकीच्या कामांत वाजविणेही आलेच. महारांनी गावोगाव डफडे खाली ठेवले, आणि त्याची किंमत बहिष्काराच्या रूपाने मोजली. १९५६ चे धर्मांतर झाले, १९५८ साली कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला, आणि जुन्या साखळीची कायदेशीर कडीही तुटली.

खानदेशात या बदलाला एक भौतिक आधार होता. भुसावळसारखे मोठे रेल्वे जंक्शन, तेथील आयुध निर्माणी आणि पुढे वरणगावची निर्माणी, जळगाव-अमळनेर-चाळीसगाव-धुळ्याच्या कापडगिरण्या, यांतून गावकी सोडलेल्या माणसाला रोख पगाराची एक वाट दिसत होती. ती वाट सर्वांना मिळाली असे नाही. परंतु डफडे टाकणाऱ्याच्या मागे रिकामी पोकळी नव्हती, एवढे खरे.

येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. एका जातीने टाकलेले काम नाहीसे झाले नाही. ते पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या जातीच्या गळ्यात अधिक घट्ट बसले. मातंग समाजाकडे शिक्षण आणि नोकरी त्या वेगाने आली नाही. त्याच्यासाठी हलगी-सनई हे अपमानाचे कारणही होते आणि चुलीचे साधनही होते. 'वाजविणे सोडा' हे सांगणे सोपे होते. सोडल्यावर काय खायचे, हे सांगणारी योजना चळवळीपाशी सर्वांसाठी नव्हती. आजच्या डीजेविषयी आपण जो निवाडा देतो, त्याआधी हा जुना हिशेब आठवलेला बरा.

३. जलसा आणि नाममुद्रा

डफडे टाकलेल्या माणसांनी आवाज टाकला नाही. १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. ढोलकी, हार्मोनियम, तुणतुणे हीच वाद्ये. पण आता ती आपल्या माणसांपुढे, आपल्या विचारासाठी वाजू लागली. नाशिक आणि खानदेश यांची सीमा नकाशावर आहे, गाण्यात ती कधीच नव्हती. धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या १९३७ च्या भेटीच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला माणसे जमतात. तेथे भाषणांइतकीच गाण्यांना गर्दी असते.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे या परंपरेचे सर्वांत मोठे नाव. त्यांनी खानदेशाची गावे पालथी घातली आणि गावोगाव गाणारी पोरे घडविली. मुक्ताईनगरचे लोककवी प्रतापसिंग बोदडे त्यांच्याच शिष्यशाखेतले. या कवींच्या गाण्याचा एक विशेष आपण सर्व जाणतो. शेवटच्या अंतऱ्यात कवी आपले नाव गुंफतो. ही नाममुद्रा संतांच्या अभंगातही आहे आणि शाहिरांच्या लावणीतही आहे. परंतु ज्या माणसाला गावाने कधी धड नावाने हाक मारली नाही, त्याने हजारोंच्या सभेत स्वतःचे नाव सुरात उच्चारणे, याचा अर्थ वेगळा होता. डफडेवाल्याला नाव नव्हते. त्याला जात होती. जलसेकाराला नाव मिळाले. माझ्या मते वाजविण्याच्या इतिहासातील ही खरी क्रांती होय.

याच काळात तमाशाचा फडही खानदेशात भरात होता. भिका-भीमा सांगवीकर, आनंदराव महाजन जळगावकर ही नावे जत्रेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लागत. वहीगायनाचे फडही रात्र रात्र रंगत. म्हणजे पोट भरणारी कला आणि जागे करणारी कला या दोन्ही शेजारी शेजारी चालल्या होत्या, आणि पुष्कळदा वादक एकच असे.

४. कर्णा, कॅसेट आणि बँजो

ध्वनिक्षेपक खेड्यात आला तो प्रथम राजकारणाचा सेवक म्हणून. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अशा सभांनी खेड्यातल्या माणसाला दाखवून दिले की एका माणसाचा आवाज यंत्राने हजारांपर्यंत नेता येतो. पुढे हे यंत्र मंडप-बिछायतवाल्याकडे भाड्याने मिळू लागले. लग्नघरावर कर्णा बांधायचा, खाली तबकडी फिरवायची, आणि साऱ्या गावाला कळवायचे की अमक्याच्या घरी कार्य आहे.

या कर्ण्याने एक गोष्ट नकळत केली. वाद्य आणि जात यांचा सांधा थोडा सैल केला. कातडे मढविण्यात विटाळ होता. तार जोडण्यात विटाळ नव्हता. अहुजाचे ॲम्प्लिफायर कोणीही हाताळू शकत होते, आणि ज्याच्याजवळ भांडवल होते तो मालक झाला. अर्थात, मालक पुष्कळदा वरच्या जातीचा आणि खांबावर चढून कर्णा बांधणारा पोऱ्या आपला, अशी नवी वाटणी लगेच तयार झाली, हेही विसरता येत नाही.

१९८० नंतर कॅसेट आली आणि भीमगीतांना पंख फुटले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज आकाशवाणीच्या परवानगीवाचून झोपडीत पोहोचले. स्वस्त टेपरेकॉर्डर हे आमच्या वस्त्यांचे पहिले प्रसारण केंद्र. त्याच सुमारास रस्त्यावर पितळी बँडबरोबर बँजो आला. ज्याला आपल्याकडे बँजो म्हणतात ते अमेरिकेतले वाद्य नव्हे. जपानी तायशोगोतोपासून निघालेले बुलबुलतरंग, त्याला विजेची तार जोडलेली. त्यामागे ढोल, ताशा, नंतर ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. बँजो पार्टीतील पोरांनी कॅसेटवरची भीमगीते आणि सिनेमातील गाणी एकाच दमात वाजविली. हळूहळू वादक गाडीवर चढले. वाजविणारा पायी चालायचा थांबला, ही साधी गोष्ट नाही. शतकानुशतके तो घोड्याच्या पुढे पायी चालत आला होता.

५. 'डीजे' हा शब्द कोठून आला

डिस्क जॉकी हा शब्द अमेरिकन रेडिओतला. तबकड्या लावून बोलणारा तो डिस्क जॉकी. परंतु रस्त्यावरच्या डीजेचा जन्म रेडिओ केंद्रात झाला नाही. १९५० च्या दशकात जमैकातील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत कपाटाएवढे स्पीकर मोकळ्या मैदानात मांडून नाच होऊ लागले. ज्यांना हॉटेलातील वाद्यवृंद परवडत नव्हता, त्यांनी हे 'साउंड सिस्टिम' उभे केले. त्याच किंग्स्टनमध्ये जन्मलेला एक कृष्णवर्णीय तरुण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गेला आणि ११ ऑगस्ट १९७३ रोजी बहिणीने भरविलेल्या एका मेजवानीत त्याने दोन तबकड्यांवर गाण्यातील फक्त नाचाचा तुकडा लांबवून वाजविला. जग त्याला कूल हर्क या नावाने ओळखते. हिप-हॉपचा इतिहास येथून मोजतात.

शिकागोत १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा कृष्णवर्णीय डीजे 'वेअरहाउस' नावाच्या क्लबात वाजवू लागला आणि तेथून 'हाउस' संगीत निघाले. त्याच शहरात १२ जुलै १९७९ रोजी बेसबॉलच्या मैदानावर डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडविण्यात आला. काळ्यांच्या आणि समलिंगींच्या वस्तीत वाढलेल्या संगीताचा हा राग होता, असे पुढे अनेक अभ्यासकांनी म्हटले. संगीत 'गोंगाट' केव्हा ठरते आणि 'संस्कृती' केव्हा ठरते, हा प्रश्न केवळ खानदेशाचा नाही.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने नाव अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीकडून घेतले. आम्ही त्यांचे साहित्य वाचले, त्यांच्या कविता अनुवादित केल्या. त्यांचा डीजे मात्र आमच्याकडे साहित्याच्या वाटेने आला नाही. तो मुंबईच्या श्रीमंत हॉटेलांतील डिस्कोथेकमधून, १९८२ च्या 'डिस्को डान्सर'सारख्या चित्रपटांतून, आणि शेवटी स्वस्त संगणक व एमपीथ्रीच्या सीडीवरून आला. वाटेत त्याची जन्मकथा गळून पडली. गरीब वस्तीने गरीब वस्तीसाठी शोधलेली वस्तू आमच्या गरीब वस्तीला श्रीमंतांची उष्टी म्हणून मिळाली.

६. पोऱ्या, ऑपरेटर, मालक

खानदेशात 'डीजे' हा शब्द माणसापेक्षा यंत्राला लागतो. 'डीजे आला', 'डीजे पुढे घ्या', 'डीजे जप्त झाला' असे लोक बोलतात. माणसाला म्हणतात ऑपरेटर. भाषेनेच सांगून टाकले की येथे किंमत कोणाला आहे.

या धंद्यातील चढण ठरलेली आहे. माझ्या वर्गातील काही विद्यार्थी उन्हाळ्यात हे काम करतात. एप्रिल-मे महिन्यांत त्यांची हजेरी का पडत नाही, हे नव्या शिक्षकाला उमगायला वेळ लागतो. पोरगा प्रथम पोऱ्या म्हणून लागतो. बेस आणि टॉप गाडीवर चढविणे, वायर गुंडाळणे, जनरेटरमध्ये डिझेल घालणे, मिरवणुकीत काठीने वरच्या विजेच्या तारा उचलून धरणे, ही त्याची शाळा. शेवटचे काम जिवावरचे आहे. मग तो जोडणी शिकतो. कोणत्या ॲम्प्लिफायरवर किती भार टाकायचा, आवाज फाटू लागला की काय कमी करायचे, हे सर्व कानाने. त्यानंतर मिक्सर, मग लॅपटॉप. रात्री घरी बसून तो जुन्या गाण्याखाली नवा ठोका घालतो, सुरुवातीला स्वतःच्या नावाची घोषणा चिकटवितो, आणि ते गाणे यूट्यूबवर सोडतो. त्या घोषणेत त्याच्या नावापुढे जळगाव, धुळे, चोपडा, शिरपूर असे गावाचे नाव असते. बाहेरचे ऑपरेटर ते गाणे वाजवू लागले की त्याला सुपारी येऊ लागते. शेवटची पायरी मालकीची: वित्तकंपनीचे कर्ज, जुनी पिकअप किंवा ट्रक, सुताराकडून करून घेतलेली खोकी. फार थोडे तेथवर पोहोचतात, आणि पोहोचलेल्यांपैकी पुष्कळजण हप्त्यांच्या खाली दबतात.

सुपारी आणि इसार हे शब्द पाहा. तमाशाच्या फडाची सुपारी, बँडची सुपारी, डीजेची सुपारी. बलुत्याच्या जागी करार आला, हा फरक मोठा आहे. उष्ट्या अन्नाच्या जागी रोख रक्कम आली. ऑपरेटर सुपारी नाकारू शकतो. त्याचा आजा नाकारू शकत नव्हता. एवढी सुटका मान्य केलीच पाहिजे.

परंतु सुटकेची मर्यादाही त्याच मांडवात दिसते. चांगल्या ऑपरेटरला मांडवाची जात वाचता येते. पाहुण्यांची आडनावे, कमानीवरचे फोटो, फेट्याचा रंग यांवरून तो ठरवितो की येथे कोणते गाणे घ्यायचे आणि कोणते चुकूनही घ्यायचे नाही. अहिराणी गाणी सर्वत्र चालतात. ग्रिअर्सनने १९०७ च्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला भिल्ली बोलींच्या खंडात जागा दिली. प्रमाण मराठीवाले तिला हसत राहिले. आणि आज त्याच बोलीतील 'हाई झुमका वाली पोर'वर साऱ्या महाराष्ट्राची लग्ने नाचतात. खानदेशी माणसे कामासाठी सुरतेला गेली, उधना-लिंबायतमध्ये वसली, तेथेही हा आवाज गेला. बोलीला मिळालेला हा मान डीजेच्या खोक्यांतूनच मिळाला आहे.

भीमगीताला मात्र ही मोकळीक नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. कारण त्याच्या मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची धून. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून एका तरुणाला ठार मारण्यात आले. खिशातल्या फोनवरचे गाणे जेथे जीव घेऊ शकते, तेथे चौदा एप्रिलच्या रात्री गावाच्या मुख्य रस्त्यावर ते गाणे छाती हादरेल इतक्या मोठ्याने का वाजवावेसे वाटते, हे समजायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. तो आवाज सांगत असतो की हा रस्ता आमचाही आहे.

७. कायदा आणि कान

तरीही हा आवाज निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ व ५५, तर रुग्णालये-शाळा यांच्या शांतता क्षेत्रात ५० व ४० अशी मर्यादा घातली; रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी केली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि कोणत्या सणाला ती मिळते यावर दरवर्षी राजकारण होते. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या नियमांच्या कडक अंमलबजावणीचा निकाल दिला; सप्टेंबर २०१८ मध्ये व्यावसायिकांची संघटना न्यायालयात गेली असता गणेश विसर्जनात डीजे-डॉल्बीला परवानगी देण्यास न्यायालयाने नकार दिला.

डेसिबल म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ७५ वरून १०५ वर जाणे ही तीसची वाढ नसून हजारपट आहे. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आठ तास सहन करता येतो असे धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, आणि १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. आता विचार करा, खोक्यांना पाठ लावून चार-सहा तास चालणाऱ्या पोऱ्याचे काय होत असेल? मिरवणूक पाहणारा घरी जातो. पोऱ्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सुपारीला जातो. गिरणीतल्या मजुराच्या बहिरेपणावर निदान कायदा बोलतो. याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. आणि ज्या वस्तीत हा आवाज सर्वाधिक घुमतो ती बहुधा आपलीच वस्ती, पत्र्याच्या घरांची, जेथे तान्ही मुले आणि आजारी म्हातारी माणसे भिंतीपलीकडे असतात.

म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आवाजाचा त्रास खरा आहे. आणि त्रासाची मोजणी सर्वांना सारखी होत नाही, हेही खरे आहे. ढोल-ताशा पथक तेवढेच कान फोडते, पण ते परंपरा म्हणून वृत्तपत्रांत झळकते. जुन्या धुळ्यातील 'खुनी गणपती'चे नाव १८९५ सालच्या मिरवणुकीच्या तंट्यातून व गोळीबारातून आले. आज त्याच पालखीचे मशिदीपाशी स्वागत होते. कोणाची मिरवणूक, कोणत्या रस्त्याने, किती आवाजात, हा वाद डीजेपेक्षा फार जुना आहे. कायदा मोजायचा तर यंत्राने मोजा. जात पाहून मोजू नका, एवढीच मागणी आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर. त्या वर्षीची जयंती घरात झाली. गाड्या अंगणात उभ्या राहिल्या, कर्जाचे हप्ते चालू राहिले. तेव्हा कळले की या हजारो हातांसाठी ना मंडळ आहे, ना विमा, ना कलावंताचे मानधन. तमाशा कलावंताला शासन निदान कलावंत म्हणते. डीजेच्या पोऱ्याला ते मजूरही म्हणत नाही.

८. नाममुद्रा कोठे गेली?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चळवळीत गेली काही वर्षे 'जयंती नाचून नव्हे, वाचून साजरी करा' असा आग्रह धरला जातो. त्यामागची तळमळ रास्त आहे. वर्गणीतला मोठा वाटा एका रात्रीच्या सुपारीत जातो आणि वस्तीतील अभ्यासिकेला दिवा मिळत नाही, हे कोणत्याही शिक्षकाला बोचते. परंतु नाचणे विरुद्ध वाचणे अशी मांडणी केली की नाचणारा आपोआप अडाणी ठरतो, आणि पहिल्या पिढीतील पदवीधर हा त्याचा न्यायाधीश होतो. माझ्यासारख्यांनी या खुर्चीपासून सावध राहिले पाहिजे. जलशाच्या काळी गाणे आणि विचार यांची फारकत नव्हती. ती फारकत कोठे झाली, ते शोधणे अधिक उपयोगाचे.

ती फारकत नाममुद्रेच्या जागी झाली, असे मला वाटते. भीमगीताचे रिमिक्स ऐका. धृपद घेतलेले असते, एखादा अंतरा असतो, मध्ये ठोका लांबविलेला असतो. शेवटचा अंतरा बहुधा नसतो; नाचाला त्याची गरज नाही. आणि कवीचे नाव तर शेवटच्याच अंतऱ्यात होते! गाण्याच्या आरंभी मात्र डीजेचे नाव तीन-तीनदा गरजते. ज्या नावासाठी जलसेकाराने आयुष्य वेचले ते नाव कापले गेले, आणि कापणाऱ्या पोराला हे ठाऊकही नसते. त्याला कोणी सांगितलेच नाही की शेवटच्या अंतऱ्यात काय असते.

येथे पोराला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. त्यालाही नाव हवे आहे. ऑपरेटर म्हणून यंत्राच्या मागे बसलेला, ज्याला गाव 'ए डीजे' म्हणून हाकारते, त्याने गाण्याच्या आरंभी आपले नाव चिकटविणे हे जलसेकाराच्याच भुकेचे दुसरे रूप आहे. दुर्दैव असे की एका नावाची जागा दुसऱ्या नावाने घेतली, आणि दोघांच्याही हाती पैसा पडला नाही. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांच्या मानधनाच्या हक्काला संरक्षण मिळाले. पण ज्या लोककवीने गाणे वहीत लिहिले, सभेत गायिले आणि कॅसेट कंपनीला कागदावाचून देऊन टाकले, त्याच्या वारसांपर्यंत हा कायदा सहसा पोहोचत नाही.

यावर उपाय भाषणांत नाही, छोट्या कामांत आहे. खानदेशातील भीमगीतांची, अहिराणी गाण्यांची, कवींच्या नावांसह एक सूची झाली पाहिजे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या मराठी आणि इतिहास विभागांना हे काम सहज पेलेल. जयंती मंडळांनी सुपारी देताना अट घालावी: गाणे कापा, पण कवीचे नाव कापू नका, आवाज कायद्याच्या आत ठेवा, पोऱ्यांना कानात घालायला बोळे आणि हातात रबरी मोजे द्या. आणि या कामगारांची नोंदणी व्हावी, मग ते मातंग असोत, बौद्ध असोत, भिल्ल असोत की कोणी असोत. ज्या व्यवसायात या सर्वांची पोरे एकाच गाडीवर घाम गाळतात, तो व्यवसाय जातिअंताच्या चळवळीने दुर्लक्षिण्याजोगा खासच नाही.

डफडे गळ्यात होते तेव्हा वाजविणाऱ्याला काम होते, नाव नव्हते आणि नकार नव्हता. जलशाने त्याला नाव दिले. सुपारीने त्याला नकाराचा हक्क दिला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी अजून एकत्र आलेल्या नाहीत. त्या एकत्र आणणे हे पुढच्या पिढीचे काम आहे, आणि ती पिढी आज एखाद्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसून वायर गुंडाळते आहे.